पोचा आलेली गाडी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शनिवारी माझ्या आईने आर्वीहून केळझरपर्यंत गाडी चालवली. गाडी जुनी होती. कागदांवर मालक म्हणून आईचे नाव होते. शेजारच्या सीटवर वडील होते, मागे मावशी आणि मी. वाटेत चालक बदलला नाही.

त्याआधी गाडी नवी घ्यायची की जुनी, यावर आमच्या घरात पावसाळाभर वाद चालला होता. वडील, धाकटा भाऊ आणि मी नव्या गाडीच्या बाजूने होतो. जुनी मागणारी आई एकटी होती.

आर्वीच्या बाजारात आमचे भांड्यांचे दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केले, वडिलांनी वाढवले, आता भाऊ वडिलांसोबत गल्ल्यावर बसतो. मी नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते आणि सुटीला घरी येते.

भांडी विकणाऱ्यांच्या घरात एक रीत असते, निदान आमच्या घरात आहे. माल खोक्यांतून येतो. ट्रकमध्ये आदळून, उतरवताना हातातून सटकून, काही भांड्यांना पोचा येतो. डब्याचे अंग दबते, पातेल्याचा काठ वाकतो. असे भांडे गिऱ्हाईक हातात घेऊन फिरवते आणि परत ठेवते. मग ते मागच्या खोलीत जाते आणि तिथून घरी येते. धड माल दुकानात, पोच्याचा घरात. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. आमच्या चहाच्या पातेल्याचा काठ एका जागी आत दबलेला आहे. चहा नेहमी त्याच बाजूने ओतला जातो, कारण तिथून धार सरळ पडते आणि बाहेर सांडत नाही. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी गोल काठाच्या पातेल्यातून मी चहा ओतला, तेव्हा तो अर्धा ओट्यावर गेला होता.

घरात ज्या काही कोऱ्या वस्तू आल्या, त्या वापरासाठी आल्या नाहीत. लग्नात मिळालेला काचेचा सेट कपाटात आहे. सोफ्यावरचे प्लास्टिक मी कॉलेजला जाईपर्यंत निघाले नव्हते. मी नोकरीला लागले त्या वर्षी वडिलांनी आईसाठी म्हणून स्कूटर घेतली. पूजा झाली, हार घातला, आणि आईने किल्ली मागितली तेव्हा वडील म्हणाले की बाजारात फार गर्दी असते, थोडे दिवस जाऊ दे. ते थोडे दिवस भावाने कॉलेजात घालवले. एका बाजूचा इंडिकेटर फुटला, पायाजवळचा पत्रा दबला, सीट फाटली, तेव्हा भावाने मोटारसायकल घेतली आणि स्कूटर आईकडे आली. त्यानंतर आईने ती रोज चालवली.

गाडीची गरज मावशीमुळे निर्माण झाली. मावशी आईची मोठी बहीण. ती तळेगावला एकटी राहते. तिचा गुडघा बदलण्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा व्यायामाचे उपचार सांगितले. ते आर्वीला मिळतात. तळेगावहून आर्वीला एसटी येते, पण एसटीची पहिली पायरी मावशीच्या नव्या गुडघ्याला उंच पडत होती. ऑटोत धक्के बसत. आईने भावाला सांगितले की तो म्हणे, दुकान बंद झाल्यावर पाहू. वडिलांना सांगितले की ते भाड्याची गाडी बोलावत, आणि ती गाडी लग्नसराईत मिळत नसे. दोन-तीन वेळा उपचार चुकले. मावशीचा पाय पुन्हा आखडू लागला.

त्या उन्हाळ्यात आईने आर्वीतल्या एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातले. तिने ते लपवले नाही, फक्त आधी सांगितले नाही. वडिलांना गिऱ्हाइकांकडून कळले.

"शेठजी, वहिनी गाडी शिकून राह्यल्या वाटते," समोरच्या कापड दुकानदाराने वडिलांना विचारले.

"हौस हाय तिले," वडील म्हणाले.

"हौस कायची? माह्या बैलबंडीले हॉर्न देऊन गेल्या त्या," दुकानात चाळणी घ्यायला आलेला एक शेतकरी म्हणाला. "म्या बाजूले घेतली निमूट."

आईने वर्ध्याला जाऊन परीक्षा दिली आणि लायसन्स घरी आले. वडिलांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले. फोटो चांगला आला आहे, असे ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी वर्ध्याच्या एका शोरूममध्ये नवी पांढरी गाडी बुक केली. दसऱ्याला ती दुकानासमोर आणायची, पूजा तिथेच करायची, बाजारातल्या सगळ्यांना पेढे वाटायचे, असे ठरवून टाकले. मला फोनवर त्यांनी सांगितले ते असे:

"आजलोक सारं पोच्याचंच वापरलं तिनं. गाडी कोरी घेतो. आईले सांगू नको."

मी सांगितले नाही. शोरूममध्ये नेले तेव्हाच आईला कळले. त्या दिवशी आम्ही चौघेही होतो. विक्रेता तरुण आणि अदबशीर होता. त्याने वडिलांना खुर्ची दिली, भावाला किल्ली दिली आणि आईसाठी मागचे दार उघडले.

"काकू, इथं बसा. मागच्यांसाठी वेगळा एसी आहे बघा. हात टेकायला हे आहे. नातवंडांना घेऊन आरामात फिरा."

"नातवंडं नाईत अजून," आई म्हणाली.

"होतील ना काकू."

"तवालोक गाडी जुनी होईन."

भाऊ हसला. विक्रेताही हसला आणि भावाला मायलेज सांगू लागला. आईने ब्रेक कसा आहे ते विचारले. दादा आत्ता चालवून सांगतील, असे उत्तर मिळाले. भावाने गाडी सेवाग्रामच्या रस्त्याला नेऊन परत आणली. परत आल्यावर आई उतरून चालकाच्या दाराशी उभी राहिली.

"मी पाहू का एक चक्कर मारून?"

विक्रेत्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी गाडीकडे पाहिले. "नवी गाडी हाय त्याइची," ते म्हणाले. "काई लागलं-बिगलं त? आपल्या घरी आली का चालवजो."

"पह्यले मी जरा गाडीचा हात बसवतो आई," भाऊ म्हणाला. "मंग तू."

येताना खरांगण्याच्या पुढे आई म्हणाली, "मले हे गाडी नाई पाह्यजे." वडिलांना वाटले रंग आवडला नाही. त्यांनी लाल आणि करड्या रंगाची चौकशी करायचे ठरवले.

त्यानंतरच्या सुटीला मला मुद्दाम बोलावून घेतले. वडिलांचे म्हणणे होते की पेपरात काम करणाऱ्या माणसाने दोन्ही बाजूंची माहिती काढून मांडावी. मी ती काढली. नवी गाडी कंपनीच्या हमीत असते, बिघडली तर दुरुस्ती फुकट होते, कर्ज स्वस्त मिळते, सुरक्षेच्या सोयी अधिक असतात. जुन्या गाडीचा शोरूमच्या दारातून बाहेर पडतानाचा तोटा दुसऱ्याने सोसलेला असतो आणि विमा कमी बसतो. पण आधीच्या मालकाने ती कशी चालवली, कुठे ठोकली, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. घरात पहिल्यांदा गाडी येत असेल आणि ऐपत असेल, तर नवी घ्यावी, असा माझा निष्कर्ष होता.

हे मी रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांसमोर सांगितले. आईने पोळी लाटता लाटता ऐकले.

"सारं खरं हाय तुहं," ती म्हणाली. "पन या बातमीत मी कुठी हाय?"

मी म्हटले की गाडी तिच्यासाठीच आहे.

"माह्यासाठी हाय. माही नाई हाय."

भावाचा मुद्दा वेगळा होता. "आई, तुले कळत नाई. बाजारात जुनी गाडी आनली त लोक काय म्हनतीन? भांडेवाल्याचा धंदा बसला म्हनतीन. ठोक व्यापारी माल उधार देनं बंद करतीन."

"तो मले माल देते का तुले?"

"आपल्याले देते."

"मंग माही गाडी पाहून काऊन बंद करन तो?"

वडिलांनी हात वर करून दोघांना थांबवले. पाने वाढली होती. मधोमध वरणाचे पातेले होते. त्याच्या एका बाजूला मोठा पोचा होता, वर्षानुवर्षे घासून त्या जागी चमक आली होती. आईने ते पातेले वडिलांच्या पुढे सरकवले.

"हे पातेलं कोनाचं हाय?"

"म्हंजे?" भाऊ म्हणाला.

"इचारते ते सांग. कोनाचं हाय?"

"आपलं."

"माहं हाय. माहं काऊन हाय? याले पोचा आला म्हून. नसता आला त दुकानात राह्यलं असतं, न् तुमी त्याले रोज फडकं मारलं असतं." तिने आवाज चढवला नव्हता. "स्कूटर माह्या नावानं आनली. मले कवा भेटली? तू इंडिकेटर फोडल्यावर. या घरात जे कोरं हाय ते दुकानाचं. पोच्याचं हाय ते माहं. हे गाडी आनली त दुकानासमोर उभी राहीन. तुमी दोघं पुसत बसान. मी मांगं बसीन, एसी खाईन. न् बहीन तळेगावले खुर्चीत बसून राहीन, तिचा पाय लाकडासारका होईलोक."

भावाने वरण वाढून घेतले.

"म्या त तुह्याचसाठी," वडील शेवटी म्हणाले. "आजलोक पोच्याचंच देलं तुले. म्हून कोरी घेतो म्हनलं."

"मले इचारलं असतं त."

"इचारलं असतं त काय म्हनली असती?"

"म्हनली असती, पोच्याचं वाईट असते असं म्यानं तुमाले कवा सांगतलं?"

वडिलांनी पातेले उचलले आणि दबलेल्या बाजूने आपल्या वाटीत वरण ओतले. सांडले नाही. सकाळी त्यांनी शोरूमला फोन लावला आणि बुकिंग रद्द करायला सांगितले. पलीकडून कारण विचारले असावे.

"मालकिनीले पसंत नाई," वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर जुन्या गाडीचा शोध सुरू झाला. आईने तीन अटी घातल्या. गाडी लांबीने लहान असावी, कारण आमच्या घराची गल्ली अरुंद आहे. सीटवर बसल्यावर तिचा पाय क्लचपर्यंत पूर्ण पोचावा. आणि पाहायला गेल्यावर चालकाच्या जागी आधी ती बसेल. तिसऱ्या अटीवर बरेच व्यवहार मोडले. पुलगावला एका विक्रेत्याने सगळे बोलणे भावाशी केले. आई गाडीत न बसता परत आली. आर्वीतच एक गाडी स्वस्तात मिळत होती, पण तिचा मालक आईला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कायले तरास घेता, मी फिरवून दाखवतो ना." आईने त्याला बहिणीच्या गुडघ्याबद्दल सांगितले, आणि नंतर नको म्हणून सांगितले.

जी गाडी घेतली ती वर्ध्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची होती. ते आणि त्यांची पत्नी मुलाकडे पुण्याला राहायला चालले होते. गाडी पिवळसर पांढरी, पाच दारांची, लहान. डाव्या मागच्या दाराला पोचा होता. बंपरवर ओरखडे होते. डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपती होता.

"चालवणार कोण?" गुरुजींनी विचारले.

आई पुढे झाली. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितले की दुसरा गिअर थोडा अडतो, घाई केली की अडतो, शांतपणे टाकला की पडतो. मग ते स्वतः जाऊन मागच्या सीटवर बसले. भाऊ आणि मी फाटकाजवळ उभे राहिलो. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि काही वेळाने दुसऱ्या बाजूने परत आली. आई उतरली तेव्हा हसत होती. गुरुजींनी फक्त एवढे म्हटले की वहिनींना आरशात पाहायची सवय चांगली आहे.

वडील तोपर्यंत बाजूला उभे होते. गाडी थांबल्यावर ते जवळ गेले. भांडे पारखताना करतात तसा त्यांनी गाडीच्या अंगावरून तळहात फिरवला. मग बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवायला सुरुवात केली. बॉनेट, पुढचे दार, मागचे दार, डिकी. प्रत्येक ठिकाणी कान देऊन ऐकले.

"काय बघताय?" गुरुजींनी विचारले.

"आवाज."

"काय सांगतो आवाज?"

"काई नाई. सवय हाय." वडिलांनी मागच्या दाराच्या पोच्यावर बोट ठेवले आणि आईला म्हणाले, "हे पाह्यलं का? हा पोचा हाय. न् हे इथं खाली एक. न् हा ओरखडा."

"पाह्यला," आई म्हणाली. "चांगला हाय."

व्यवहार तिथेच झाला. भावाने विम्याचे कागद पाहिले आणि गाडी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन इंजिन आणि टायर तपासून घेतले. टायर बदलावे लागतील, बाकी ठीक आहे, असे तिथे सांगितले. टायर बदलले. नाव बदलण्याचे अर्ज दिले. आईने प्रत्येक अर्जावर स्वतः सही केली.

गाडी आर्वीला आली तो दिवस आठवडी बाजाराचा होता. वडिलांनी सुचवले की भावाने गाडी आणावी आणि दुकान टाळून मागच्या रस्त्याने घरी न्यावी. आईने ती बाजारातून, दुकानासमोरून आणली. कापड दुकानदार बाहेर आला.

"गाडी घेतली का शेठजी? जुनी दिसते."

वडील भांड्यांवर फडके मारत होते. ते मारणे त्यांनी थांबवले नाही.

"मी नाई घेतली," ते म्हणाले. "तिनं घेतली."

घराच्या फाटकात वळताना आईचा पहिला अपघात झाला. डावी बाजू खांबाला घासली. आवाज गल्लीत सगळ्यांनी ऐकला. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. भाऊ मोटारसायकलवरून मागून येत होता. तो उतरून धावत आला. वडील दुकान सोडून पोचले.

"लागलं का?"

"लागलं," आई म्हणाली. ती गाडीतून उतरली नव्हती.

"कुठी?"

"पाहा."

भाऊ वाकला. त्याने बंपरवर बोट ठेवले. "हा?"

"तो गुरुजीचा."

"मंग हा?"

"तोही गुरुजीचा."

वडिलांनी दारावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबले. "हा पाह्य. हा ताजा हाय."

"तो त तुमीच दाखवलता मले वर्ध्यात," आई म्हणाली. "ओरखडा म्हनून."

वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. भावाने मोबाइलचा दिवा लावला. मीही पाहिले. खांबावर पिवळसर रंग लागला होता, म्हणजे गाडी घासली होती हे नक्की. पण गाडीवरचा नवा ओरखडा कोणता, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही सांगता आले नाही. गॅलरीतून काकूंनी विचारले, "जास्त लागलं का वं?"

"सापडून नाई राह्यलं," भावाने वर पाहून सांगितले.

काकू मोठ्याने हसल्या. मग वडील हसले. मी त्यांना दुकानाबाहेर इतके हसताना क्वचित पाहिले होते. "घे आत," ते आईला म्हणाले आणि खांबाजवळ उभे राहून हाताने दिशा दाखवू लागले. आईने त्यांच्या हाताकडे पाहिले नाही. तिने आरशात पाहिले, गाडी मागे घेतली, पुन्हा वळवली आणि आत लावली. त्यानंतर त्या फाटकात गाडी कधी लागली नाही. खांबावरचा रंग अजून आहे.

पुढच्या मंगळवारी आई एकटी तळेगावला गेली. ती निघाली तेव्हा वडील दुकानात होते. तिने कोणाला विचारले नाही. दुकानासमोरून जाताना हॉर्न दिला, एवढेच. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. आईने पुढचे दार उघडले, सीट पूर्ण मागे सरकवली आणि मावशीला आधी बसवून मग तिचे पाय एकेक करून आत घेतले. हे तिला उपचार करणाऱ्या मुलीने शिकवले होते. मावशीने नंतर मला फोनवर सांगितले ते असे:

"म्या म्हनलं, हिच्यात बस्ता येईन मले. त्या एसटीच्या पायरीवानी नाई. तुही माय कशी चालवते म्हनशीन त मले झोप लागली. उठली त आर्वी."

"जुनी गाडी हाय मावशी," मी म्हटले.

"माहा गुडघा नवा हाय न् मी जुनी. चालते."

त्या आठवड्यापासून उपचार चुकले नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार आईचे ठरले. वडिलांना या दोन दिवशी दुपारचे जेवण डब्यात मिळू लागले. डबा अर्थातच पोच्याचा. बाजारातली माणसे आता वडिलांना वेळ विचारायची झाली की दुकानासमोरून हॉर्न वाजला का ते विचारत. दिवाळीपर्यंत मावशी काठीशिवाय अंगणात फिरू लागली. तळेगावातल्या आणखी एका बाईंना आर्वीच्या दवाखान्यात यायचे होते, त्याही गाडीत येऊ लागल्या. भावाने एकदा किल्ली मागितली, मित्राच्या लग्नाला जायचे होते. आईने शुक्रवार आहे का ते विचारले. शुक्रवार होता. तो मोटारसायकलवर गेला.

गाडीची पूजा मात्र राहिली होती. वडिलांचे मत होते की पूजा नव्या गाडीची करतात, या गाडीची तिच्या पहिल्या मालकाने केलेली असणार. आईचे मत होते की दुकानात रोज सकाळी उदबत्ती लावतात ती जुन्या गल्ल्यालाच. मग केळझरच्या गणपतीला जायचे ठरले. मी सुटी घेऊन आले. भाऊ दुकान सांभाळायला थांबला. मावशी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती.

आर्वी ते वर्धा हा रस्ता वडिलांनी शेजारच्या सीटवर बसून केला, पण ते बसले होते असे म्हणता येणार नाही. समोरून ट्रक आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जाई. तिथे ब्रेक नव्हता. वळण आले की ते दाराची मूठ धरत.

"तुमी चालवून राह्यले का मी?" आईने विचारले.

"तू."

"मंग पाय उचला."

मागून मावशी म्हणाली, "भाऊजी, मले त झोप येते या गाडीत. तुमी डोये मिटून पाहा."

"मी डोये मिटले त पाहन कोन?"

"जे चालवते ते," मावशी म्हणाली.

केळझरला देवळाकडे जाणारा रस्ता चढाचा आहे. चढावर एक मिनीबस पुढे होती. ती मध्येच थांबली. आईला ब्रेक लावावा लागला. मागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, ट्रॉलीत माणसे होती. चढावर थांबलेली गाडी पुन्हा चालू करताना मागे सरकते, आणि आमच्या मागे सरकायला जागा नव्हती. वडिलांनी मागे वळून ट्रॅक्टर पाहिला.

"मी घेऊ का?" ते म्हणाले. वडिलांना गाडी चालवता येत नाही. हे त्या क्षणी त्यांच्याही लक्षात नव्हते.

आईने हँडब्रेक ओढला. मिनीबस हलली तेव्हा तिने क्लच अर्धा सोडला, इंजिनचा आवाज बदलेपर्यंत वाट पाहिली, मग हँडब्रेक खाली केला. गाडी मागे आली नाही. पुढे गेली. दुसरा गिअर तिने शांतपणे टाकला आणि तो पडला. ट्रॉलीतल्या एका म्हाताऱ्या बाईने हात वर केला, तो आरशात दिसला. वडिलांचा पाय त्या वेळी ब्रेकच्या जागी नव्हता. तो कुठे होता हे मी मुद्दाम पाहिले. तो सीटजवळ, चपलेत, सरळ ठेवलेला होता.

वर पोचल्यावर आईने गाडी सावलीत लावली. दर्शन झाले. मावशी पायऱ्या एकेक करत, पण स्वतः चढली. मग पुजारी गाडीशी आले. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. नारळ हातात घेऊन त्यांनी विचारले, "मालक कोण?"

पुजाऱ्यांची नजर वडिलांवर होती. वडील एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी आईकडे हात केला.

"हे," ते म्हणाले.

नारळ आईने फोडला. गाडी पुढे घेऊन लिंबू चिरडले. खोबऱ्याचे तुकडे मावशीने वाटले, एक डॅशबोर्डवरच्या गुरुजींच्या गणपतीपुढे ठेवला.

आम्ही उन्हे उतरायच्या आत निघालो. सेलूच्या अलीकडे वडिलांनी सीट मागे केली. वर्धा येईपर्यंत ते झोपलेले होते.